शेडमधलं सगळं

"नीट बघून घे," असं म्हणत पपांनी शेडची किल्ली गेनादीच्या हातावर ठेवली. "मोड आणून वाळवलेल्या सातूचं एक पोतं. तीन मोठी पातेली. तीन शेगड्या. नळ, नळ्या, गाळणी. आणि हा स्टँड. आता हे सगळं तुझं."

गेनादीने किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लुटुपुटीचं ना?"

"लुटुपुटीचं चालत नाही," पपा म्हणाले. "विकलं म्हणजे विकलं. उद्या तू ह्याला आग लावलीस तरी मी ब्र काढणार नाही."

"आणि सण संपल्यावर?"

"संपल्यावर आम्ही येऊ आणि तुझ्याकडून परत विकत मागू. द्यायचं की नाही, ते तू ठरवायचंस."

गेनादीने खिशातून एक नाणं काढून पपांना दिलं. पपांनी त्याच्याशी हात मिळवला. सकाळी साडेनऊ वाजता, ऐन सणाच्या तोंडावर, माझी पाच महिन्यांची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची झाली. मी दातओठ खात उभा होतो, पण बोलायची सोय नव्हती. मनात जरी आलं की हा व्यवहार खोटा आहे, तरी तो बाद होतो, असं पपांनी मला आधीच बजावलं होतं.

ह्याला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि दिमोनात आईवडिलांबरोबर राहत होतो. दिमोना हे इस्राएलच्या दक्षिणेकडच्या वाळवंटातलं गाव. आमच्यासारखी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेली ज्यू माणसं तिथे इतकी, की बाजारात निम्मी भाजी मराठीत घासाघीस करून घेता येते. आम्ही चेऊलकर, मूळचे अलिबागकडचे. पपा मुंबईच्या गोदीत फिटर होते. मी तेरा वर्षांचा असताना त्यांनी बिऱ्हाड उचललं आणि इथे आणलं. इथेही त्यांनी फिटर म्हणूनच काम केलं, मग निवृत्त झाले, आणि तेव्हापासून घरातल्या एकेका दाराच्या बिजागरीत खोट काढत बसले.

मला नाद लागला होता घरी बिअर करायचा. आमच्या घरात पिण्याचं वावडं नव्हतं, तेव्हा तो प्रश्न नव्हता. अडचण माझ्या हट्टाची होती. माझे मित्र डब्यातला तयार अर्क पाण्यात कालवून बिअर करायचे, आणि मला ते पाकिटातलं पीठ आणून गुलाबजाम केल्यासारखं वाटायचं. मला दाण्यापासून सुरुवात करायची होती. त्यासाठी तीन पायऱ्यांचा लोखंडी स्टँड लागतो. वरच्या पायरीवर गरम पाण्याचं पातेलं, मधल्या पायरीवर सातू भिजत घालायचे, आणि खालच्या पायरीवर त्यातून निघालेलं गोड पाणी उकळायचं. सगळं आपलं आपण वरून खाली येतं, पंपाची भानगड नाही. दोन वर्षं मी ह्यावर वाचत होतो, कागदच्या कागद छापून आणत होतो. शेवटी एका शाळेचे मोडीत निघालेले बाक मिळाले. त्यांचे चौकोनी पाइप मी आमच्या तळमजल्यावरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकले.

वेल्डिंग मला येत नव्हतं. ते गेनादीला येत होतं. गेनादी आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, अबोल माणूस. नऊ वर्षांपूर्वी बायकोबरोबर रशियातून आला होता. बायको, रीता, ज्यू होती, हा नव्हता. रीता दोन वर्षांमागे वारली आणि तो एकटा राहिला. जिन्यात भेटला की शालोम म्हणायचा, आपणही म्हणायचं, संपलं. मी त्याला वेल्डिंगचं विचारलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन खांद्यावर घेऊन हजर.

मग पाच महिने दर शुक्रवारी सकाळी आमचं काम चालायचं. मी पाइप कापायचो, गेनादी जोडायचा, आणि पपा कोन-पातळी तपासायला गुण्या आणि पाणसळ घेऊन आमच्या डोक्यावर बसायचे.

"हा खांब बाहेर गेलाय," पपा म्हणायचे.

"किती?"

"केसभर."

"केसभराने बिअरला काय होतं, पपा?"

"बिअरला होत नाही. मला होतं."

गेनादी मुकाट्याने टाका तोडायचा आणि परत मारायचा. त्या दोघांचं हिब्रू सारखंच मोडकं होतं, त्यामुळे त्यांचं एकमेकांशी छान जमायचं. रशियनमध्येही बापाला पपाच म्हणतात, म्हणून तोही पपांना पपा म्हणू लागला. "मी काय ह्याचा बाप आहे?" असं पपा मला मराठीत, त्याच्या देखत विचारायचे. गेनादी हसून मान हलवायचा, त्याला वाटायचं कामाचं काहीतरी चाललंय.

स्टँड तयार झाला तो असा, की त्यावर हत्ती बसवला तरी हलू नये. शेडमधून अंगणात काढून रंग देऊ म्हणून आम्ही तो उचलला, आणि तेव्हा कळलं की तो दारापेक्षा चार बोटं रुंद आहे. तीन धडधाकट माणसांनी पाच महिने केसभराचे फरक हुडकले होते आणि दाराचं माप एकानेही घेतलं नव्हतं. पपा दाराकडे बराच वेळ बघत राहिले. "दारच चुकलंय," असं म्हणून ते घरात निघून गेले.

सातूचं पोतं आलं ते पेसाखच्या आदल्या दिवशी; सण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागणार होता. पेसाख हा आमचा वसंतातला सण. त्या सात दिवसांत गहू, सातू असल्या धान्यांचं आंबलेलं किंवा आंबेल असं काहीही चालत नाही. त्याला हामेत्स म्हणतात. ते खायचं नाही एवढंच नव्हे, ते आपल्या मालकीचंही असता कामा नये. कोकणातल्या आमच्या जुन्या बायका ह्याला अनाशी ढाकायचा सण म्हणायच्या. अनाशी म्हणजे आंबवणाचं मडकं, ते ह्या दिवसांत झाकून ठेवायचं. मी तर परसात आंबवणाचा कारखानाच उभा केला होता.

आईने महिनाभर घर घासून काढलं होतं. ती पदर खोचून शेडच्या दारात आली.

"एली, हे पोतं कसलं?"

"सातूचं."

"सातूचं. आणि घरात."

"शेडमध्ये आहे, आई."

"शेड कोणाची? शेजाऱ्यांची?"

जे टाकवत नाही ते सणापुरतं परधर्मी माणसाला विकायचं, अशी सोय आमच्यात आहे. एरवी गावचे रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, सगळ्यांची मिळून एकच विक्री करतात, पण त्यांची यादी त्याच दुपारी बंद झाली होती. पपा म्हणाले, आपण आपली करू. परधर्मी माणूस तिसऱ्या मजल्यावर होताच. पपांनी चष्मा लावून कागद लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, शेडमधलं सगळं.

"पपा, नुसतं पोतं लिहा. स्टँड लोखंडाचा आहे. लोखंड कधी आंबतं?"

"पोतं उघडून तू मूठभर दाणे हातात चोळलेस. पिठी उडाली. स्टँडवर बसली."

"पुसून घेतो."

"पाइपांची तोंडं बंद केली आहेस?"

नव्हती केली. आत पिठी गेली नसेल, अशी शपथ मला घेता येईना. अशा रीतीने पिठीच्या एका न दिसणाऱ्या कणापायी माझा अख्खा स्टँड गेनादीच्या नावावर चढला.

पहिले तीन दिवस बरे गेले. मी शेडकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दिवसातून वीसेक वेळा बघत होतो. चौथ्या दिवशी दुपारी आई आमच्या सणाची बिनखमिराची पोळी पानात वाढत होती. मध्येच ती थांबली.

"वास कसला येतोय?"

वास मलाही आला होता. गोडसर, उबदार, भाजक्या दाण्यांचा, आणि पावाच्या भट्टीसारखा. चार दिवस कोरडी पोळी चावणाऱ्या माणसाला तो वास वेड लावेल असा होता. आईने खिडकी धाडकन लावली. मी जेवण टाकून परसात धावलो.

शेडचं दार सताड उघडं होतं. वरच्या पातेल्यातून वाफा निघत होत्या. गेनादी बनियनवर उभा होता, एका हातात लाकडी उलथणं, दुसऱ्या हातात मी छापून आणलेले कागद. कागदही शेडमध्येच होते, म्हणजे तेही त्याचेच.

"काय करतोयस?"

"बिअर," तो म्हणाला.

"अरे पण माझ्या…" एवढं बोललो आणि मागे पपा उभे असलेले दिसले.

"तुझ्या काय?" पपांनी विचारलं.

"काही नाही."

"एली, इथे सहासष्ट लिहिलंय," गेनादी कागदावर बोट ठेवून म्हणाला. "माझं बहात्तर झालंय. चालेल?"

चालणार नव्हतं. सातू इतक्या गरम पाण्यात भिजले की बिअर गोडगिट्ट आणि मंद होते. दोन वर्षं ज्या दिवसाची मी वाट बघत होतो तो दिवस माझ्याशिवाय उजाडला होता, दुसऱ्याच्या हातांनी आणि सहा अंश जास्तीचा. खरं सांगतो, मला रडू येईलसं वाटलं. मी उंबऱ्याच्या बाहेर उभा होतो. आत जाऊन पातेल्याला हात लावायचा तर प्रश्नच नव्हता. तोंडाने सांगितलेलं तरी चालतं की नाही, तेही ठाऊक नव्हतं.

"पपा, मी त्याला सांगू का?"

"रब्बींना विचारायला हवं."

"तोवर सगळं वाया जाईल."

"जाऊ दे. त्याचं आहे."

इतक्यात मधल्या पातेल्याच्या नळाचा सांधा गळायला लागला. आधी एक थेंब, मग दुसरा. पपांनी मान फिरवली. परत वळवली. खिशात हात घातले, बाहेर काढले. आयुष्यभर ज्या माणसाने सांधे घट्ट केले त्याच्यासमोर सांधा गळत होता आणि त्याला हात लावता येत नव्हता.

"पाना घे," शेवटी पपा गेनादीला म्हणाले. "वरचा नट धर. अर्धा फेरा उजवीकडे. अर्धाच. बस."

"पपा?" मी म्हणालो.

"मी पाइपाबद्दल बोलतोय. पाइप हामेत्स नाही."

"मग विकताना तुम्हीच तर…"

"गप्प बस."

मी गप्प बसलो, पण थोडाच वेळ. पाइपाबद्दल बोललेलं चालत असेल तर पाण्याबद्दल बोललेलं का चालू नये? मी गेनादीला म्हटलं की थोडं गार पाणी ओत आणि तळापासून ढवळ. पपांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग आम्ही असेच बोलत राहिलो, पपा फक्त लोखंडाबद्दल आणि मी फक्त पाण्याबद्दल, आणि आमच्या दोघांच्या बोलण्यातून सातूचं नावही न घेता गेनादीची बिअर रांगेला लागली. अर्ध्या तासाने आई दोन खुर्च्या घेऊन आली. "बसून तरी पाप करा," असं म्हणून खुर्च्या उंबऱ्यापासून हातभर लांब ठेवून ती गेली.

चार वाजेपर्यंत आम्ही तिथे होतो. गेनादीने हॉप्सची कडू फुलं उकळत्या पातेल्यात टाकली, निववलं, पिंपात भरलं, यीस्ट घातलं. एवढा बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी त्याची आजी शिळ्या काळ्या पावाचं आंबट पेय करायची, ते पिंप रात्री फुटायचं आणि भिंती धुवाव्या लागायच्या, असलं काहीबाही तो सांगत होता आणि पपा चक्क हसत होते. शेवटी त्याने शेडला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"उद्या याल?" त्याने विचारलं.

"उद्या काय आहे?"

"पिंपातून आवाज येईल. बुडबुड. ऐकायला या."

आम्ही गेलो. मी जीव अडकला होता म्हणून गेलो. पपा म्हणाले, सांधा परत गळतोय का ते बघायला येतो. सांधा गळत नव्हता, तरी सहाव्या दिवशीही ते आले. सातव्या दिवशी तर माझ्या आधीच खुर्चीत बसले होते.

त्या संध्याकाळी तारे दिसले आणि सण संपला. पपांनी धुतलेला शर्ट घातला, कागद घेतला, नाणं घेतलं, आणि आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर चढलो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. उद्या सकाळी शेड माझी, स्टँड माझा, आणि पुढची बिअर माझ्या हातची. गेनादीने पहिल्याच टकटकीला दार उघडलं. त्याने आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. टेबलावर शेडची किल्ली ठेवलेली होती.

"गेनादी, सण संपला," पपा उभ्यानेच म्हणाले. "शेडमधलं सगळं आम्हाला परत विकत हवंय."

त्यांनी कागद आणि नाणं टेबलावर ठेवलं. गेनादीने नाण्याकडे पाहिलं आणि हात पाठीमागे नेले.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?" मी विचारलं.

"विकत नाही."

माझं डोकं सटकलं. पाच महिने मी पाइप कापले, दोन वर्षं वाचलं, आणि हा माणूस एका नाण्याच्या जोरावर, असं बरंच काही मी बोललो. पपांनी हात वर करून मला थांबवलं.

"त्याचा हक्क आहे," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं त्याला." पण त्यांचा चेहराही पडला होता.

"पपा, मला चोर समजू नका," गेनादी म्हणाला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता. "नऊ वर्षं मी इथे राहतो. ह्या दारावर कोण येतं? मीटर बघणारा. रीता होती तेव्हा तिच्या मैत्रिणी यायच्या. ती गेली तेव्हा सात दिवस सगळे आले. आठव्या दिवसापासून कुणी नाही. ह्या आठवड्यात तुम्ही माझ्या शेडवर आलात. रोज. चार दिवस रोज." तो थांबला. "आज विकलं की संपलं. मग पुढच्या वर्षीच्या सणापर्यंत मी परत तिसऱ्या मजल्यावरचा. सगळं देतो तुम्हाला. फक्त आज नको. थोडे दिवस माझं राहू द्या."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला माझी लाज वाटली. पाच महिने हा माणूस माझ्यासाठी गुडघ्यांवर बसून टाके मारत होता. त्याचा चहा मी शेडमध्ये नेऊन द्यायचो, कागदी पेल्यात. घरात ये, असं मी त्याला एकदाही म्हणालो नव्हतो.

पपांनी टेबलावरचा कागद उचलला, त्याची चौघडी केली आणि खिशात टाकली. नाणंही टाकलं. "नको विकूस," ते म्हणाले. "थोडे दिवस नाही, राहू दे तुझ्याकडेच. एली तुझ्याकडे येऊन करेल बिअर." मला त्यांनी विचारलं नाही. मीही नाही म्हटलं नसतं.

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि ते खाली बसले.

हे सांगायला साधं वाटतं, पण मी चकित झालो. खाण्यापिण्याच्या बाबतीत पपा कडक. गेनादीच्या घरात डुकराचं मांस शिजायचं, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. रीताच्या सुतकाच्या सात दिवसांत आम्ही इथे आलो होतो तेव्हा दाराजवळच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून बसलो होतो आणि पाण्याचा घोटही न घेता उठलो होतो.

"चहा आहे?" पपांनी विचारलं.

गेनादी गोंधळला. "आहे. पण पपा, माझी भांडी… तुम्हाला चालत नाही."

"काचेच्या ग्लासात दे," पपा म्हणाले. "काचेला आमच्यात काही लागत नाही. धुतली की झालं."

गेनादीने भिंतीवरचं कपाट उघडलं. वरच्या फळीवर रीताने मांडलेले काचेचे ग्लास होते, सहा-सहाच्या दोन रांगा. नऊ वर्षं ते तिथेच होते, आणि आमच्यापैकी एकानेही कधी मागितला नव्हता.